थोरल्याच्या नावाची नळी

१

नळीवर नाव थोरल्याचं होतं आणि आतली थुंकी दुसऱ्याच कुणाची तरी होती. एवढं कळेपर्यंत थुंकीबाईंचा जवळजवळ महिना वाया गेला होता.

थुंकीबाई हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. तोंडाच्या कॅन्सरची चाहूल थुंकीतून आधीच लागते का, याचा त्या गेली कित्येक वर्षं पिच्छा पुरवत होत्या. वरच्या मजल्यावरच्या सर्जन मंडळींनी चेष्टेनं हे नाव ठेवलं आणि बाईंनी ते खुशाल मिरवलं.

"तोंडात कुठे दाह सुरू झाला की काही प्रथिनं वाढतात आणि थुंकीत उतरतात," त्या समजावून सांगायच्या. "आग लागली की धूर निघतो, तसं. आता धूर दिसला म्हणजे घरच जळतंय असं नाही. कुणी कचरा पेटवला असेल. हिरड्या सुजल्या, दात किडला, तरी धूर होतो. पण धूर दिसल्यावर माणूस उठून बघतो तरी की नाही?"

सोफे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकानं त्यांना स्वतःहून बोलावलं होतं. घरच्यांची आणि कामगारांची, सगळ्यांची थुंकी तपासा, आणि तंबाखूचा अंश कुणाच्या तोंडात आहे तेही बघा, असा त्याचा हुकूम. प्रत्येकाला आदल्या दिवशी नळी दिली. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी त्यात थुंकायचं आणि नळी कारखान्यात आणून द्यायची.

त्यातल्या थोरल्या मुलाच्या नळीत धुराचे लोट होते. बाईंनी पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. तंबाखूचा मात्र मागमूस नाही. साहाय्यकानं त्याच्या घरी फोन लावला. कुणा बाईनं उचलला, सगळं ऐकून घेतलं, "सांगते" म्हणाली आणि ठेवला. कुणी फिरकलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा "सांगते". शेवटी बाईंनी स्वतः कारखान्यात फोन करून थोरल्याला बोलावून घेतलं.

तो आला तोच कपाळाला आठ्या घालून. बाईंनी त्याचं तोंड उघडायला लावलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. दात तपकिरी, डाव्या गालाच्या आत, तंबाखूची गोळी ठेवतात तिथे, कातडी सुरकुतून पांढुरकी पडलेली. त्यांनी समोर बसवून त्याची थुंकी घेतली. त्या थुंकीत तंबाखू ओसंडून वाहत होती, धूर मात्र जेमतेम.

"पहिली नळी तुमची नव्हती," बाई म्हणाल्या.

"तुमच्या लॅबचा घोळ असेल."

"घोळ असता तर तुमची तंबाखू दुसऱ्या कुणाच्या नळीत सापडली असती. सगळ्या नळ्या पुन्हा बघितल्या मी. उघड उघड ओढणारे सोडले तर कुणाच्याच नळीत नाही सापडली. तुम्ही थुंकलातच नाही. कुणाची थुंकी आणलीत?"

थोरला उठला आणि दार आपटून निघून गेला.

"पोलिसांना कळवायचं का?" साहाय्यकानं विचारलं.

"थुंकीची चोरी कुठल्या कलमात बसते रे?" बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "चोर नाही सापडला तरी माझं काही बिघडत नाही. ज्याची चोरी झाली तो सापडला पाहिजे. त्याच्या तोंडात काहीतरी पेटलंय, आणि त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

२

कारखान्यात शिरताच स्पंजाचा भुसा नाकात जात होता. लाकडी सांगाडे एकावर एक रचलेले, कापडाचे गठ्ठे, आणि हातोड्यांची टकटक. मात्र आवाज वेगळाच येत होता, जाड आणि दबका, कुणी उशीवर मारावं तसा. वर काचेच्या खोलीत मालक बसले होते. सत्तरी ओलांडलेली, पण कणा ताठ, दात पांढरेशुभ्र आणि एका ओळीत. डाव्या कानात कापसाचा बोळा. टेबलावरच्या चहावर साय धरली होती.

"कुणाच्या तोंडात तंबाखू सापडली?" त्यांनी 'या' म्हणायच्या आधीच विचारलं.

"ते ज्याचं त्याला सांगते मी. तुम्हाला नाही."

"हा कारखाना माझा आहे."

"कारखाना तुमचा. थुंकी ज्याची त्याची."

मालकांचा चेहरा लाल झाला. "माझ्या सख्ख्या भावाचा जबडा काढला होता, बाई. तंबाखूपायी. शेवटी आरसा बघायचा नाही तो. त्या दिवसापासून माझा नियम आहे. जो तंबाखूला शिवेल त्याच्या हातात या कारखान्याची किल्ली जाणार नाही, मग तो पोटचा का असेना. तुम्ही नाव सांगत नसाल तर या कशाला आलात?"

"सगळ्यांच्या नळ्या आल्या का, ते बघायला. तुमची नाही दिसली."

"माझी?" मालक हसले. त्या हसण्यात तुच्छता काठोकाठ होती. "आयुष्यात एक झुरका मारलेला नाही मी. नोकरांसारखा नळीत थुंकत बसू? चला, मला कामं आहेत."

जिन्यात धाकटा मुलगा वाटच बघत होता. इस्त्रीचा शर्ट, गालातल्या गालात हसू. "दादाचंच ना? अहो, दादा तंबाखू खातो हे अख्ख्या कारखान्याला माहीत आहे. एक बाबा सोडून. सांगून टाका की त्यांना!"

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं तर भावाचा काटा काढला म्हणतील. तुम्ही सांगितलंत तर विज्ञान." त्यानं आ वासला. "माझी हवी का पुन्हा? घ्या. आत्ता घ्या."

बाईंनी खरंच घेतली. लढाईला उतरलेल्या माणसाच्या उत्साहानं तो थुंकला.

थोरला त्यांना स्पंजाच्या कोठारात सापडला. दोन ढिगाऱ्यांच्या मधे उभा राहून तो तोंडातली गोळी घाईघाईनं कागदात गुंडाळत होता. बाईंना बघून त्याचे खांदेच पडले.

"मी पाया पडतो तुमच्या. वर बोलू नका."

"नाही बोलणार. माणसाचं नाव सांगा."

"मला माहीत नाही हो! मी नळी नुसती खिशात घेऊन हिंडत होतो. सकाळी हिनं भरलेली आणून दिली. म्हणाली, स्वच्छ आहे, तंबाखूचा वाससुद्धा नाही. मी विचारलं कुणाची, तर म्हणाली, तुम्हाला किल्ली हवी की उत्तर?"

"ही म्हणजे?"

"बायको."

३

घर कारखान्याच्या मागेच होतं. थोरली सून ओट्यापाशी उभी राहून वाडग्यात उकडलेला बटाटा घोटत होती. शेजारी दूध गार करत ठेवलेलं. बाईंनी ओळख दिली तरी तिनं मान वर केली नाही.

"नवऱ्याची थुंकी दिली ना तुम्हाला? मग आता काय?"

"त्यांच्या नावाची पहिली नळी तुम्ही भरलीत."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणतात."

थोरलीचा घोटणारा हात क्षणभर थांबला. "वाटलंच. त्यांच्या तोंडात तंबाखूशिवाय काही टिकत नाही."

"ती थुंकी तुमची नाही, एवढं मला ठाऊक आहे. तिच्यातल्या पेशी पुरुषाच्या आहेत. कोण आहे तो?"

"शोधा. तुमचं कामच आहे ते."

"मी खेळायला आलेले नाही. त्या माणसाला कॅन्सर असू शकतो. नसेलही. पण बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि एकेक आठवडा..."

"मला शिकवू नका," थोरली कडाडली. "या घरात मला शिकवणाऱ्यांची कमी नाही. सकाळी उठल्यापासून शिकवतात. भांडं कसं धरावं, पाय कसा टाकावा, तोंड कसं मिटावं."

बाई गप्प राहिल्या. भांडणाऱ्या माणसाला गप्प बसलेलं माणूस सहन होत नाही, हा त्यांचा जुना अनुभव. पण थोरली त्यातली नव्हती. तिनं बटाट्यात दूध ओतलं आणि पुन्हा घोटायला घेतलं.

"लहान मूल आहे का घरात?" बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं.

"आहे एक." थोरली पहिल्यांदाच हसली, पण ते हसू बघून बरं वाटावं असं नव्हतं. "फार हट्टी आहे."

मग तिनं हात पुसले, दारापर्यंत आली आणि दार लावता लावता म्हणाली, "ज्याची थुंकी आहे ना, त्याला सांगायला गेलात तर तो तुम्हाला जिन्यावरून ढकलून देईल. माझं नाव सांगितलंत, तर मागोमाग मला."

४

"एक राहिलं बाई," त्या परतल्यावर साहाय्यक म्हणाला. धाकट्याची नवी थुंकी त्यानं तपासली होती. जुनीसारखीच स्वच्छ, म्हणजे तो सुटला. "थोरल्याची ती पहिली नळी काढताना मला फार त्रास झाला होता. थुंकी गोंदासारखी चिकट, वास मात्र पुदिन्यासारखा. मला वाटलं, कारखान्यातलाच गोंद लागला असेल."

गोंद! बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा कारखान्यात गेल्या, त्या थेट मिस्त्रीकडे. दिवसभर गोंदात हात असणारा माणूस तोच. ओठांच्या फटीत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरायच्या, जिभेनं एकेक पुढे ढकलायची आणि कापडावर ठोकायची, अशी त्याची पद्धत. ओठांना आतून जखमा असणारच.

"तोंड उघडा."

"चुका गिळायला लावता काय?" मिस्त्रीनं सगळ्या चुका तळहातावर थुंकल्या. "थोरल्या सूनबाईंना मी थुंकी विकली असं म्हणायचंय तुम्हाला? कारखाना सगळं बोलतोय. अहो, मी दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढतो, आणि मालकांच्या नाकावर टिच्चून. मला कुठे किल्ली मिळायचीय? माझी थुंकी घेऊन तंबाखू लपवायची म्हणजे चोराला राखणदार नेमायचं."

बाईंना हसू आलं. बरोबर होतं त्याचं. ओठांच्या आतल्या जखमा किरकोळ आणि ताज्या होत्या. त्यांनी गोंदाच्या डब्याचं झाकण काढलं. वासानं डोळ्यांत पाणी आलं. चिकट नळीला असला वास नव्हता. उलट... काय होता तो? साहाय्यक म्हणाला होता, पुदिन्यासारखा.

"तुमच्या हातोडीचा आवाज असा का येतो?" त्यांनी विचारलं.

"रबर लावलंय ना. मालकांचा हुकूम. दोन-तीन महिने झाले, म्हणतात आवाज कानात घुसतो. डावा कान धरून बसतात. चाळीस वर्षं याच टकटकीत झोपा काढल्या त्यांनी, आणि आता नखरे."

"दोन्ही कान?"

"डावाच. का?"

बाई मनाशी हिशेब मांडू लागल्या. टकटक दोन्ही कानांत जाते. एकच कान दुखतो, तेव्हा बहुतेक दुखणं आवाजाचं नसतं.

"मिस्त्री, थोरल्यांचं मूल केवढं आहे?"

"मूल?" मिस्त्रीनं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "मूल कुठलं हो? तेच तर दुखणं आहे. मालक उठता बसता सूनबाईंना त्यावरून टोचतात. सगळ्यांदेखत. त्या घरात पोर नाही."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. गार दूध, घोटलेला बटाटा. सायीखाली निवत ठेवलेला चहा. पुदिन्याच्या वासाचा चिकट पदार्थ.

"मालक कुठे आहेत?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जिना चढू लागल्या.

५

"एकट्यानं ऐकलंत तर बरं," बाई म्हणाल्या.

"माझ्या घरात कुजबुज चालत नाही. बोलवा रे सगळ्यांना!" मालक गरजले.

सगळे आले. धाकटा खुशीत, थोरला घामाघूम, थोरली हाताची घडी घालून दाराशी.

"माफ करा, दिलेला शब्द मोडावा लागतोय," बाई थोरल्याला म्हणाल्या आणि मालकांकडे वळल्या. "थोरल्या चिरंजीवांच्या नळीत दुसऱ्याची थुंकी होती."

"म्हणजे हा तंबाखू खातो!" मालक उभे राहिले. "बोल! खातोस ना?"

थोरल्यानं मान खाली घातली.

"चालता हो. आत्ता. किल्ली तुझ्या..."

"ते भांडण नंतर. आधी माझं ऐका," बाईंनी आवाज चढवला, आणि त्या खोलीत बहुधा पहिल्यांदाच मालकांच्या वरचा आवाज निघाला. "मी तंबाखू शोधायला आलेच नव्हते. त्या नळीतला माणूस शोधायला आले होते. पुरुष आहे. तंबाखू कधीच घेत नाही. म्हणजे थोरले नाहीत, मिस्त्री नाही. धाकट्यांची थुंकी दोनदा तपासली, स्वच्छ आहे. ज्यांनी ज्यांनी नळी दिली, त्यांच्यापैकी कुणाच्याच तोंडात एवढा दाह नाही. मग उरतो तो, ज्यानं नळी दिलीच नाही. त्या थुंकीत कवळी चिकटवायची पुदिन्याची पेस्ट आहे. त्या माणसाला गरम चहा झोंबतो, कडक घास चावत नाही, आणि एकच कान दुखतो. कानात काही झालेलं नसताना. जिभेच्या कडेचं दुखणं नसेच्या वाटेनं असं कानात उतरतं."

 मालकांचा हात नकळत डाव्या कानाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"खोटं," ते म्हणाले. "कवळी घासते. नवीन करायला टाकणार आहे. मी तंबाखूला शिवलेलो नाही! ज्यानं पाप केलंय त्याला होतो तो रोग!"

"रोगाला तुमचा नियम माहीत नाही, मालक. तंबाखूनं धोका फार वाढतो, हे खरं. पण न खाणाऱ्यालाही होतो. कदाचित नुसती कवळीची जखमही असेल. तोंड उघडा, बघते."

"माझ्या घरात मला तोंड उघडायला सांगणारी तू कोण?"

मुलांपैकी एकही पुढे झाला नाही. पुढे झाली ती थोरली. तिनं टेबलावरचा निवलेला चहा खिडकीतून ओतला आणि रिकामा कप त्यांच्या हनुवटीखाली धरला.

"मामंजी, कवळी काढा."

रोज सकाळी याच शब्दांवर ते कवळी काढत असावेत. त्यांनी तिच्याकडे जळजळीत नजरेनं पाहिलं, पण हात तोंडाकडे गेला. बाईंनी बॅटरी लावली. जिभेच्या डाव्या कडेला, मागच्या बाजूला, उंचावलेल्या काठांची जखम होती. त्यांनी हातमोजा घालून बोट लावलं. काठ कडक लागले.

"उद्या सकाळी रुग्णालयात. तुकडा काढून तपासायचा."

मग त्या थोरलीकडे वळल्या. "आता माझा शेवटचा प्रश्न. माझ्या माणसानं दोनदा फोन केला होता. एका बाईनं घेतला. नळीत काय सापडलं ते तिला सांगितलं होतं. थोरल्यांना मात्र मी बोलावेपर्यंत काहीच माहीत नव्हतं. फोन तुम्ही घेतलात. कुणाच्या तोंडात काय आहे, ते या घरात महिनाभर एकट्या तुम्हाला माहीत होतं."

थोरला बायकोकडे बघतच राहिला. धाकट्याचं हसू पार मावळलं.

"होतं," थोरली म्हणाली.

कवळी काढलेल्या तोंडानं मालक काहीतरी बोलले. कुणालाच कळलं नाही. थोरलीला कळलं.

"का नाही सांगितलं म्हणता? नऊ वर्षं रोज सकाळी हा कप मी धरते. कवळी मी धुते. त्याच कपातली थुंकी यांच्या नळीत भरली. चार महिन्यांपूर्वी मीच म्हटलं होतं, जखम दिसतेय, दाखवून घ्या. तेव्हा काय म्हणालात? वांझेनं वैदू होऊ नये. दोन्ही मुलगे होते समोर. एकानं तरी तोंड उघडलं? परत सांगितलं असतं तर आधी माझं माहेर काढलं असतं, मग यांची किल्ली गेली असती, आणि जखम तशीच राहिली असती. मी फोन ठेवला आणि म्हटलं, जाऊ दे. या घरात सगळे नियम तुमचे. हाही तुमच्याच नियमानं होऊ दे."

"तुम्ही त्यांना मरू दिलं असतंत," बाई शांतपणे म्हणाल्या.

"हो," थोरली म्हणाली. तिनं कप टेबलावर ठेवला. "रोज ठरवायचे, उद्या सांगीन. रोज सकाळी ते काहीतरी बोलायचे, आणि मी नाही सांगायचे."

६

तुकड्यानं कॅन्सरच सांगितला. पण गाठ लहान होती आणि मानेत पसरलेली नव्हती. सर्जननं जिभेचा डावा भाग काढला. आणखी उशीर झाला असता तर अर्धा जबडा गेला असता, असं त्यांनी सांगितलं. वाया गेलेल्या महिन्याचा जाब कुणी कुणाला विचारला नाही. विचारायला मालकांना शब्दच फुटत नव्हते.

किल्ली धाकट्याकडे गेली. थोरल्यानं वेगळं बिऱ्हाड केलं. त्याच्या गालातला पांढरा डाग बाईंच्या नजरेखाली होता, आणि तंबाखू सुटली की नाही हे नळीच सांगायची, कारण आता तो दार उघडं ठेवून बाईंच्या समोर थुंकायचा. थोरली बाहेर बाकावर बसून लक्ष ठेवायची.

टाके निघाल्यानंतर मालक पहिल्यांदा तपासणीला आले तेव्हा बरोबर धाकटा होता. बाईंनी विचारलं, गिळताना दुखतं का? मालक बरंच काही बोलले. बाईंना एक अक्षर कळलं नाही. धाकट्यालाही नाही. त्यांनी तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. धाकट्यानं दोनदा "पाणी हवंय का?" विचारलं, आणि मालकांनी त्याच्या अंगावर पेला भिरकावला.

बाई बाहेर गेल्या. थोरली बाकावर होतीच, नवऱ्याची वाट बघत.

"जरा आत येता? त्यांचं बोलणं कळत नाहीये."

थोरलीनं मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग उठली. तिला दारात बघून मालकांचे डोळे बारीक झाले. ते तिच्याकडे बोट करून तावातावानं बोलू लागले. ओठांच्या कडेनं लाळ गळत होती, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. ती ऐकत राहिली. त्यांचं संपल्यावर बाईंकडे वळली.

"म्हणतायत, ही बाई माझ्या मरणाची वाट बघत बसली होती. हिला सगळं माहीत होतं आणि हिनं तोंडातून ब्र काढला नाही. हिच्यासारखी कैदाशीण शत्रूच्याही घरात येऊ नये."

 तिनं एकही शब्द गाळला नव्हता, हे मालकांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

मालक पुन्हा बोलले. या वेळी थोडंच, आणि भिंतीकडे बघत.

थोरलीनं ते लगेच सांगितलं नाही. पदर सारखा केला, घसा साफ केला.

"आता काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"गिळताना दुखतं, डाव्या बाजूला," थोरली म्हणाली. "आणि म्हणतायत, पुढच्या वेळी या गाढवाला आत घेऊ नका. हिलाच बोलवा."